वीज वापरताना या चुका टाळा: बिल आपलं, डीपी सगळ्यांची

मे महिना होता, रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ठाण्यात लोकमान्य नगरच्या एका चाळीमागच्या डीपीपाशी, म्हणजे आसपासच्या घरांना वीज वाटणाऱ्या रोहित्रापाशी, मी उभा होतो. किटकॅटखालची (तारेच्या फ्यूजखालची) जोडणी निखाऱ्यासारखी लाल झाली होती आणि जळक्या रबराचा वास गल्लीभर पसरला होता. बायका तान्ह्या पोरांना घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, कुणी पुठ्ठ्यानं वारा घालत होतं. त्याच डीपीवरच्या नव्या इमारतीत इन्व्हर्टरचे दिवे लागले होते. डीपी मात्र त्या इमारतीच्या एसींनीच बंद पाडली होती.

वीस वर्षं वायरमनचं काम करतोय. वीज वाचवा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात, पण नेमकी चूक कुठे होते ते कुणी सांगत नाही.

मंजूर भार न वाढवता एसी लावणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. तुमच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो आधी वाचा. घर घेताना एक-दोन किलोवॅट लिहिलेले असतात आणि पुढे कुणी तिकडे बघत नाही. आता बेरीज करा. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट ओढतो, गिझर दोन, इंडक्शन शेगडी दोन. मंजूर दोन किलोवॅटच्या घरात रात्री नऊला पाच किलोवॅट चालू असतात.

बिल भरतो म्हणून हे चालतं असं वाटतं. पण डीपी किती मोठी हवी हे कागदावरच्या भारावरून ठरतं. तुम्ही कळवलंच नाही तर कागदावर डीपी पुरेशी दिसते, आणि प्रत्यक्षात तिच्यावरची चाळ अंधारात बसते. भार वाढवायचा अर्ज महावितरणकडे ऑनलाइन करता येतो. तो आधी करा, मग एसीवाल्याला बोलवा.

एसी २४ च्या खाली नेऊ नका, वर पंखा लावा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोच सांगतं. नव्या एसींना २४ अंश आधीच लावून देण्याचा नियम २०२० पासून आहे. लोक पहिल्याच दिवशी १८ वर नेतात.

किती वापरली ते बघणं, कधी वापरली ते न बघणं

दुपारी ग्रिडमध्ये सौर वीज भरपूर असते. सूर्य कलला की ती संपते आणि नेमक्या त्याच वेळी आपण घरी येऊन सगळं एकदम चालू करतो. मग ओझं कोळशावर जातं. चंद्रपूर, कोराडीच्या केंद्रांची राख तिथल्या लोकांच्या अंगणात पडते, थंड हवा आपल्या बेडरूममध्ये येते.

म्हणून वॉशिंग मशीन, इस्त्री, सोसायटीचा पाण्याचा पंप ही कामं संध्याकाळी सात ते अकरात नकोत. पंपाचं तर फारच सोपं आहे. पाच एचपीची मोटर म्हणजे जवळजवळ पावणेचार किलोवॅट. टायमर दुपारी दोनवर लावायला सेक्रेटरींना पाच मिनिटंही लागत नाहीत. स्मार्ट टीओडी मीटर (वीज कधी वापरली तेही नोंदवणारा) असेल तर दिवसाच्या वापरावर घरगुती ग्राहकाला सवलतही मिळते.

‘मी दिवा बंद केला की पाड्यावर लागेल’

असं होत नाही, आणि हे स्पष्ट बोललेलं बरं. मागे शहापूरकडे डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर कामाला गेलो होतो. पावसात तार पडून चार दिवस झाले होते. तिथल्या आजींनी विचारलं, "दादा, ठाण्यातपण गेली का रं?" मला मान वर करवेना. तिथला अंधार गंजक्या खांबांमुळे, लांबलेल्या तारांमुळे आणि माणसं कमी असल्यामुळे आहे. तो आपल्या बचतीनं मिटत नाही, त्याला मागणी आणि पाठपुरावाच लागतो. जगात अजून ६० कोटींहून जास्त माणसांच्या घरी वीजच नाही.

पण संध्याकाळचा ताण सगळ्यांचा एकच असतो. तुटवडा झाला की भारनियमन आधी कुणाच्या वाट्याला येतं, हे २००५ नंतरची वर्षं काढलेल्या ठाणेकरांना सांगायला नको. मुंबई उजळलेली असायची आणि आपण मेणबत्त्या शोधायचो. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघ्याच्या उच्चदाब वाहिन्यांतल्या बिघाडानं मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली, तेव्हा मुंबईलाही ते कळलं.

रिमोटनं टीव्ही बंद करून सेट-टॉप बॉक्स चालू ठेवणं ही छोटी चूक. दहा वॅटचा बॉक्स महिनाभर चालू राहिला की ७ युनिट जातात. पाड्यावरच्या घरात नऊ वॅटचे दोन बल्ब रोज पाच तास लावले तरी महिन्याला २.७ युनिटच होतात.

भाडेकरूंना एकाच मीटरवर ठेवणं

घणसोली, कोपरखैरणेच्या गावठाणात हे घरोघर दिसतं. चार खोल्या, चार सब-मीटर, वर मुख्य मीटर एक. प्रत्येक खोली महिन्याला ८० युनिट वापरते. स्वतंत्र मीटर असता तर चौघंही पहिल्या १०० युनिटच्या स्वस्त टप्प्यात बसले असते. एका मीटरवर ३२० होतात, म्हणजे शंभरानंतरच्या २०० युनिटना जवळपास दुप्पट दर आणि उरलेल्या वीसांना त्याहून जास्त. शिवाय काही मालक वरून स्वतःचा दर लावतात. सगळ्यात कमी वापरणारा माणूस सगळ्यात महाग वीज घेतो, आणि हे मला फार खुपतं.

मालकांनो, वेगळी मीटरं घेऊन द्या. भाडेकरूंनी हे लक्षात ठेवावं की वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जोडणी मालकालाच नाही, तर जागा वापरणाऱ्यालाही मागता येते.

बिल अचानक वाढलं, ईएलसीबी सारखा पडतो

आधी घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि मीटरवरचा लाल ठिपका बघा. लुकलुकत राहिला तर मेन स्विच पाडा. आता थांबला तर गळती घरातच आहे. मेन पाडूनही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनच्या मध्ये कुणीतरी जोडलंय किंवा मीटरच बिघडलाय. १९१२ वर तक्रार करा आणि क्रमांक लिहून ठेवा.

पावसाळ्यात ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो म्हणून तो काढून टाकणारी घरं मी दरवर्षी बघतो. कृपा करून तसं करू नका. ३० मिलिअँपियरची गळती झाली की तो पडतो आणि माणूस वाचतो. सगळे एमसीबी (घरातल्या एकेका ओळीचे स्विच) खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला पडेल त्याच ओळीवर दोष आहे, बहुतेक वेळा गिझरचा एलिमेंट. सगळे खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रल अर्थला लागलेला असू शकतो, तिथे हात न घालता वायरमन बोलवा. आणि किटकॅटमध्ये जाड तार कधीच नको. फ्यूज उडत नाही, मग भिंतीतली वायर पेटते.

लोकमान्य नगरच्या त्या इमारतीत मी नंतर दारोदार फिरलो. आधी दोघंच तयार झाले. पावसाळा संपेपर्यंत अकरा घरांनी भार वाढवायचे अर्ज भरले, आणि चाळीमागे मोठी डीपी बसली.