घाट चढता येतो म्हणून हिमालय चढता येईलच असं नाही: एकट्याने मनाली-लेह सायकलने करताना या चुका टाळा

नाशिकच्या सायकलवाल्याला चढाचं भय नसतं. रविवारी कसारा, कधी नांदुरीहून सप्तशृंगी गड, पावसाळ्यात त्र्यंबक-पहिने. चार वर्षं असं चाललं की मनाली-लेह रस्ता खुणावायला लागतो. मीही तसाच निघालो, एकटा. पायांनी शेवटपर्यंत साथ दिली, पण डोक्याने वाटेतच दगा दिला.

२०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्या शर्यतीत स्वारामागे गाडी असते. तो किती झोपला, काय खाल्लं, बोलताना अडखळतोय का, हे बघायला माणसं असतात. एकट्याच्या सहलीत हे बघणारं कुणी नसतं, आणि खालच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

झोपायची उंची न मोजणं

आपण रोज किती किलोमीटर झाले ते मोजतो. तिथे मोजायचं ते रात्री कुठल्या उंचीवर झोपलो ते. नाशिक साधारण ६०० मीटरवर, मनाली २,०५० वर, वाटेवरचं मुक्कामाचं गाव जिस्पा ३,२०० च्या आसपास, आणि त्यापुढचं झिंगझिंगबार थेट ४,२०० च्या घरात. विरळ हवेची शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर हजार मीटरला एक रात्र जास्तीची काढावी, असा डॉक्टरांचा साधा नियम आहे. या रस्त्यावर मुक्कामाच्या जागाच अशा आहेत की तो तंतोतंत पाळणं अवघड जातं. म्हणून जिस्पात किमान दोन रात्री काढा. मधल्या दिवशी सामान तिथेच ठेवून दीपक ताल या तळ्यापर्यंत चढून या आणि परत खाली झोपा.

माझंही असंच ठरलं होतं. पण पाय ताजे वाटले आणि मी जिस्पातून एका रात्रीतच निघालो. झिंगझिंगबारला रात्री डोकं जड झालं, जेवण जाईना. ‘उन्हामुळे असेल’ म्हणून गोळी घेतली, सकाळी बरं वाटलं आणि बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून सरचूला उतरलो. रात्री उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बुटाची नाडी बांधताना माझा तोल जातोय हे मला कळलंच नाही, ते तंबूवाल्या भाऊंनी पाहिलं. त्यांनी हुज्जत न घालता मला खाली केलाँगला जाणाऱ्या गाडीत बसवलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

सरचूचा हा सापळा नकाशावर पटकन दिसत नाही. ही तंबूंची वस्ती ४,२९० मीटरच्या आसपास आहे आणि दोन्ही बाजूंना त्याहून उंच खिंडी. मागे बारालाचा सुमारे ४,९०० मीटर, पुढे गाटा लूप्सची एकवीस वळणं चढून नकी ला. खाली उतरायचं म्हटलं तरी आधी वर चढावं लागतं. म्हणून परत फिरायचा निर्णय झिंगझिंगबारलाच घ्यायचा असतो, कारण तिथून जिस्पापर्यंत जवळजवळ सगळा उतारच आहे.

डोकेदुखीबरोबर मळमळ असेल, भूक मेली असेल किंवा झोप लागत नसेल तर त्या दिवशी चढायचं नाही. गोळीने डोकं थांबलं तरी नाही. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर वेळ न घालवता गाडीने खाली. हे नियम नाशिकमध्ये, डोकं ठिकाणावर असताना कागदावर लिहा आणि हँडलबारच्या पिशवीवर चिकटवा. वर गेल्यावर दुखणारं डोकंच निर्णय घेत असतं आणि ते आपल्याच बाजूने युक्तिवाद करतं. अॅसिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

कसाऱ्याचे गिअर घेऊन जाणं

कसारा घाट तासाभराचा, तिथे पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांच्या चक्रांवर निभावतं. पण त्या गिअरवर मिनिटाला पेडलच्या साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी आठ किलोमीटर होतो. पंधरा किलो सामान घेऊन तांगलांग ला चढताना, सुमारे ५,३०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असताना हा वेग ठेवणं बहुतेकांना जमत नाही. मग फेऱ्या पस्तीस-चाळीसवर येतात आणि गुडघे बोलायला लागतात. पुढे २२ किंवा २४ आणि मागे ३४ दाते असले तर त्याच साठ फेऱ्यांत सायकल ताशी पाच किलोमीटरने शांतपणे चढते. पॅनिअर (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) भरून सप्तशृंगीचा घाट एका सकाळी दोनदा चढून बघा, गिअर पुरतात की नाही ते तिथेच कळेल.

उताराला विश्रांती समजणं

चढताना घाम येतो आणि माथ्यावर फोटो काढेपर्यंत तो गार पडतो. ओल्या बनियनवर वीस-तीस किलोमीटरचा उतार लागला की बोटं आखडतात आणि ब्रेक दाबलाच जात नाही. माथ्यावर आधी कोरडा बनियन, त्यावर विंडचीटर, मग हातमोजे, आणि फोटो त्यानंतर. हातमोजे विकत घेऊन तसेच नेऊ नका. जानेवारीत पहाटे निफाडच्या रस्त्यावर ते घालून सायकल चालवा. तिथे बोटं सुन्न झाली तर ते मोजे वर उपयोगाचे नाहीत. रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर दाबले जाणारे) असतील तर सतत दाबून धरू नका, रिम तापते. थोडं दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

उशिरा निघणं

दुपारनंतर बर्फ वितळून रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चारला गुडघ्यापर्यंत येतं. सरचूच्या पुढच्या मोरे मैदानावर दुपारचा वारा समोरून आला तर सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. पहाटे निघा, दोनपर्यंत मुक्काम गाठा.

सुटं सामान

मनाली सुटली की लेहपर्यंत सायकलचा भाग मिळेल असं धरून चालू नका. ट्यूब, पॅच, चेनची जोडकडी, ब्रेक पॅड सगळे नेतात. विसरतो तो डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा. बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा सहसा बसत नाही. पार्सलमध्ये सायकल आडवी पडली की आधी तोच वाकतो.

‘रोज फोन करतो’ असं घरी सांगणं

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. तरी जिस्पा सोडल्यावर कितीतरी वेळ रेंज नसते आणि आईचा जीव टांगणीला लागतो. घरी मुक्कामांची यादी द्या. अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची, त्याआधी नाही, असं ठरवून निघा. जिस्पाच्या पुढच्या दारचाच्या पोलीस चौकीवर नाव, सायकलचं वर्णन आणि घरचा नंबर नीट अक्षरात लिहा. मागून शोध घ्यायची वेळ आलीच, तर माणसं ती वही उघडतात.