नवाहो जडावाचा घडीचा चाकू: ओळखायचा कसा, किंमत ठरवायची कशी

नवाहो ही अमेरिकेच्या नैऋत्य भागातली आदिवासी जमात. त्यांच्या कलाकारांचा म्हणून पिरोजा, पोवळं आणि शिंपला जडवलेला घडीचा चाकू काउंटरवर दिसला, तर आधी मुठीकडे बघू नका. मूठ नजर खिळवून ठेवते आणि विक्रेत्याला तेच हवं असतं. पातं उघडा आणि ते मुठीत जिथे शिरतं तिथे, पात्याच्या बुडाशी, काय ठोकलंय ते वाचा. अमेरिकेत या भागाला टँग म्हणतात. चाकूची जन्मपत्रिका तिथे असते.

मी मूळचा हुपरीचा, चांदीकाम करणाऱ्या घरातला. आता अमेरिकेत, न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीत राहतो. ग्रँड कॅन्यन किंवा सांता फे बघायला येणारी आपली मंडळी दुकानातूनच मला फोटो पाठवतात आणि विचारतात, "घेऊ का? चारशे डॉलर म्हणतोय." फोटोवरून चारशे की चाळीस हे सांगता येत नाही. काय तपासायचं ते मात्र सांगता येतं, म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. असा चाकू म्हणजे बहुतेक वेळा दोन वेगळ्या हातांचं काम असतं. पातं, स्प्रिंग आणि पितळी सांगाडा कारखान्यात झालेला असतो, बहुधा बक किंवा केस या अमेरिकन कंपन्यांचा. कलाकार तो चाकू घेतो, मुठीवरचं लाकूड किंवा हाड काढतो आणि त्या जागी दगड बसवतो. म्हणजे वस्तू एक, पण कर्ते दोन आणि तारखाही दोन. ‘कस्टम’ हा शब्द विक्रेते सरसकट वापरतात, तेव्हा कस्टम नेमकं काय आहे ते विचारा: पातंसुद्धा हाताने घडवलंय की फक्त मूठ? दोन्ही हाताने केलेले चाकू असतात, पण थोडे, आणि त्यांच्या पात्यावर घडवणाऱ्याचं स्वतःचं नाव असतं.

बूड वाचायचं कसं

केसच्या चाकूवर तारीख टिंबांत लपलेली असते. १९७० मध्ये कंपनीने शिक्क्याखाली दहा टिंबं द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक टिंब कमी केलं. १९७१ ला नऊ, असं करत १९७९ ला एक. शिवाय मॉडेलचा आकडाही बोलतो. जुन्या पद्धतीत पहिला आकडा मुठीचा पदार्थ सांगतो, दुसरा पात्यांची संख्या आणि उरलेले चाकूचा घाट. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, ट्रॅपर नावाचा घाट.

इथल्या रविवारच्या बाजारात एका टेबलावर असाच ट्रॅपर होता. मुठीवर निळा पिरोजा, मधे लाल पोवळ्याच्या दोन पट्ट्या, दगडांच्या मधे चांदीसारख्या धातूच्या बारीक कडा. विकणारा म्हणाला, पन्नासच्या दशकातला, आजोबांचा. मी भिंग लावलं. शिक्क्याखाली पाच टिंबं, म्हणजे १९७५. आकडा ६२५४, म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हा मूठ हाडाची होती. याचा अर्थ जडाव १९७५ च्या आधीचा असूच शकत नाही. नंतर कधीही झालेला असू शकतो. पात्याची तारीख ही जडावाची सगळ्यात आधीची हद्द असते, तिच्या मागे जाता येत नाही. ‘जुनं’ या एका शब्दापायी दिले जाणारे पैसे या एका तपासणीत वाचतात.

आणखी एक गंमत बघा. केसचे जुने चाकू जमवणाऱ्याच्या दृष्टीने मूळ मूठ काढलेला चाकू बिघडलेला असतो, जडाव जमवणाऱ्याच्या दृष्टीने तोच चाकू कामाचा. म्हणून "जुना केस आहे" हे कारण सांगून कोणी जडवलेल्या चाकूची किंमत चढवत असेल तर ते कारण बाद करा.

बकच्या चाकूंवर १९८६ पासून मॉडेलच्या आकड्याशेजारी वर्षाची खूण असते. वर्षांचे तक्ते सहज मिळतात. कंपनी २००५ मध्ये कॅलिफोर्नियातून आयडाहो राज्यातल्या पोस्ट फॉल्सला गेली, त्यामुळे डबीवरचा पत्ता आणि पात्यावरची खूण एकमेकांशी जुळतात का तेही बघा. जडावासाठी बकचं ११० हे मॉडेल कलाकारांच्या आवडीचं. मोठी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, मधे भरपूर जागा. डेव्हिड येलोहॉर्स या नवाहो कलाकाराचं नाव याच चाकूंमुळे जमवणाऱ्यांच्या तोंडी बसलं.

बुडावर चीन किंवा पाकिस्तान लिहिलेलं असेल तर चाकू वाईटच असेल असं नाही, पण मग तो शे-दोनशे डॉलरच्या बोलीचा राहत नाही. आणि बूड कोरं असेल तर मी चाकू खाली ठेवतो.

आता मूठ

दहापट मोठं दाखवणारं भिंग लागेल, सोनाराकडे असतं तेच. जडावाचे प्रकार साधारण तीन. दगडाला दगड थेट भिडवलेला. दगडांमधे धातूची पट्टी असलेला, ज्याला चॅनल म्हणतात. आणि दगड उंचसखल ठेवलेला, फरसबंदीसारखा. खिशातल्या चाकूवर पहिले दोन जास्त दिसतात, कारण मूठ हातात सरकायला हवी.

चांगल्या कामात दोन दगडांच्या मधली रेघ केसाएवढी आणि सलग असते. मूठ फुगीर असते हे विसरू नका. सपाट लादीवर सरळ सांधा कोणीही आणेल. गोलाव्यावरून जाताना तो सरळ ठेवणं ही खरी परीक्षा. भिंगातून सांध्यात काळा किंवा निळसर चिकट पट्टा दिसला तर दगड नीट कापलेला नाही, फट राळेत दगडाची पूड कालवून भरली आहे. नखाची कड मुठीवरून आडवी फिरवा. सपाट जडावात ती कुठेही अडकता कामा नये. विशेषतः जिथे दगड पितळाला भेटतो तिथे, कारण दगड आणि धातू एकत्र घासताना मऊ भाग आधी झिजतो आणि कच्च्या हाताचं काम तिथे पायरी सोडतं.

चाकू उलटा करायला विसरू नका. एकाच बाजूला जडाव असणं हा दोष नाही, पण किंमत त्या मानाने हवी. दोन्ही बाजूंना असेल तर दोन्हीकडची नक्षी एकमेकींचं प्रतिबिंब आहे का, पोवळ्याची पट्टी दोन्हीकडे त्याच उंचीवर येते का, ते बघा.

धातूच्या पट्ट्या चांदीच्याच असतील असं गृहीत धरू नका. जर्मन सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी असेल तर ९२५ चा शिक्का मागा. शिक्का नसेल आणि विक्रेता फक्त तोंडी टंच सांगत असेल तर जर्मन सिल्व्हर समजूनच भाव करा.

दगड

पिरोजा मुळात सच्छिद्र आणि ठिसूळ. चाकूच्या मुठीवर त्याची पातळ चकती बसते आणि ती खिशात किल्ल्यांशी घासली जाते. त्यामुळे राळ मुरवून घट्ट केलेला, म्हणजे स्टॅबिलाइज्ड पिरोजा वापरणं इथे मला पूर्ण मान्य आहे; विक्रेत्याने तसं सांगावं एवढंच. मान्य नाही ते दगडाची पूड आणि राळ ओतून केलेलं ‘ब्लॉक’, आणि निळा रंग दिलेला हाउलाइट नावाचा पांढरा दगड. ब्लॉकमध्ये रंग सगळीकडे एकसारखा आणि शिरा असल्या तर शिक्का मारल्यासारख्या. हाउलाइटमध्ये रंग भेगांत गडद साचतो. ॲसिटोन लावलेल्या कापसाच्या बोळ्यावर रंग उतरला तर प्रश्न मिटला, पण ही परीक्षा विक्रेत्याच्या परवानगीनेच आणि कडेच्या जागी करा, कारण ॲसिटोनने राळही खराब होते.

खाणीचं नाव ऐकवून भाव वाढवतात. ॲरिझोनातल्या स्लीपिंग ब्यूटी खाणीतून २०१२ पासून पिरोजा काढणं बंद झालं, त्यामुळे तो स्वच्छ आकाशी दगड महागला. बिस्बीचंही तसंच, ती खाण १९७५ मध्ये बंद झाली. पण चार मिलिमीटरच्या तुकड्यावरून खाण ओळखल्याचा दावा मला पटत नाही. कलाकाराच्या हातचं लेखी नसेल तर खाणीच्या नावाला मी एक डॉलरही जास्त देत नाही.

काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे ओपलचे ठिपके खूप चाकूंवर दिसतात. ते बहुधा प्रयोगशाळेत केलेलं ओपल असतं. भिंगाखाली त्यात सरड्याच्या कातडीसारखी खवल्यांची जाळी दिसते. दिसायला सुंदर, किमतीला साधं.

नक्षीवरून नवाहोपण ठरवू नका. बासरी वाजवणारी कोकोपेली नावाची आकृती पर्यटकांच्या प्रत्येक वस्तूवर असते. नक्षीची नक्कल कोणीही करतं.

कोणी केलं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. १९९० च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे, आदिवासी कलाकाराने न केलेली वस्तू त्याने केली आहे असं भासवून विकणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून सावध विक्रेते ‘नेटिव्ह स्टाइल’, ‘साउथवेस्ट जडाव’ असे शब्द वापरतात. हे शब्द पाटीवर दिसले की समजा, कलाकार नवाहो असल्याची हमी कोणी देत नाहीये. न्यू मेक्सिकोत दगडी मुठीचे अतिशय सुबक चाकू करणाऱ्या कंपन्या आहेत ज्या स्वतःला नवाहो म्हणवत नाहीत. गडबड होते ती पुढे, दुसऱ्या-तिसऱ्या हाती विकताना.

सरळ विचारा: कलाकाराचं नाव काय, तो नवाहो नेशनचा, म्हणजे त्या जमातीचा, नोंदणीकृत सदस्य आहे का, आणि हे बिलावर लिहून द्याल का? प्रामाणिक दुकानदार लगेच लिहून देतो. सही बोल्स्टरवर, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूवर, किंवा पात्यावर कोरलेली असते. त्याच कलाकाराच्या दुसऱ्या चाकूच्या फोटोशी ताडून बघा. शक्य असेल तर ऑगस्टमध्ये सांता फेच्या इंडियन मार्केटला या. हा बाजार १९२२ पासून भरतोय आणि तिथे समोर कलाकारच बसलेला असतो. दगड कुठून आणला, कसा कापला, हे तो आनंदाने सांगतो, आणि पैसे ज्याचे त्याच्या हातात पडतात. माझ्या लेखी याची किंमत मोठी आहे. या लोकांच्या नावावर खोटा माल विकून त्यांच्याच पोटावर पाय देणारा धंदा मी डोळ्यांनी बघतो.

भाव

माझी पद्धत वजाबाकीची. समजा, बक ११० वर जडाव आहे आणि मागणी ४५० डॉलर. तसाच साधा चाकू नवा शंभर डॉलरच्या आत मिळतो. तो वजा केला की उरलेले साडेतीनशे तुम्ही जडावाचे देताय. आता प्रश्न सोपा होतो: या सांध्यांना, या दगडांना आणि या सहीला साडेतीनशे योग्य आहेत का? सही नसेल तर माझं उत्तर जवळजवळ नेहमी नाही.

मग अवस्था. पातं कधी धार लावलेलं असेल तर भाव उतरतो. घासून अरुंद झालेलं असेल तर फारच. पातं उघडून डावीउजवीकडे हलवा, खुळखुळ नको. बंद होताना खटका स्वच्छ वाजायला हवा. दगडाला तडा असेल तर दुरुस्तीचा विचार करून भाव पाडू नका, चाकूच सोडा. तेवढ्याच रंगाचा तुकडा पुन्हा मिळत नाही. डबी, प्रमाणपत्र आणि मर्यादित मालिकेचा क्रमांक सगळं एकत्र असेल तर जास्त द्यायला हरकत नाही.

तुलना करताना मागितलेले भाव बघू नका. लिलावाच्या साइटवर ‘विकले गेलेले’ हा पर्याय लावा. मागणारा काहीही मागतो. गिऱ्हाइकाने मोजले तेवढेच खरे.

घेतल्यावर चाकू भारतात न्यायचा असेल तर चेक-इन सामानातच टाका, हातातल्या बॅगेत ठेवलात तर सुरक्षा तपासणीत तो काढून घेतील. कातडी म्यानात कायमचा ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पितळावर हिरवा थर चढतो. मऊ सुती कापडात ठेवा. पातं जिथे फिरतं त्या सांध्याला तेल लागतं, पण पिरोजा तेल पितो आणि हिरवट पडतो. म्हणून सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन तो फक्त पात्याच्या खिळीत सोडायचा, पातं दोन-तीनदा उघडमीट करायचं आणि बाहेर आलेलं तेल मुठीकडे जायच्या आत पुसून घ्यायचं.