लिव्हर आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरवरचं संशोधन कसं वाचायचं : पेशंटच्या घरच्यांसाठी

घरात कुणाला लिव्हरचा किंवा पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला की त्याच रात्री सगळे मोबाईल घेऊन बसतात आणि सकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर ढीगभर लिंका येऊन पडलेल्या असतात, एकात नवीन इंजेक्शनने गाठ विरघळली, दुसऱ्यात सरासरी आयुष्य अमुक महिने, तिसऱ्यात एका रक्ताच्या टेस्टने कॅन्सर आधीच कळणार. यातलं बरंचसं खरंही असतं, फक्त ते दुसऱ्याच कुठल्यातरी पेशंटबद्दल असतं. म्हणून कुठलाही आकडा वाचायच्या आधी एकच गोष्ट शोधायची, हा अभ्यास नेमका कुणावर केला होता आणि आपला पेशंट त्यात बसला असता का. एवढं जमलं तरी अर्धी घबराट आणि अर्धी खोटी आशा दोन्ही जातात. मी डॉक्टर नाही, पण नात्यातल्या आणि ओळखीतल्या पेशंटच्या घरच्यांबरोबर बसून असे पेपर बरेच वाचलेत, त्यातून जे खरंच कामाला आलं ते इथे लिहितोय.

सगळ्यात आधी फाईल उघडा आणि आजाराचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. "लिव्हर कॅन्सर" हे अर्धवट नाव आहे. लिव्हरच्या स्वतःच्या पेशींपासून होतो तो हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, रिपोर्टवर बहुतेक वेळा नुसतं एचसीसी लिहिलेलं असतं. पित्तनलिकेच्या अस्तरापासून होतो तो कोलॅन्जिओकार्सिनोमा, आणि त्यातही लिव्हरच्या आतला, लिव्हरच्या दाराशी दोन नळ्या जुळतात तिथला आणि खालच्या टोकाचा असे तीन प्रकार, ऑपरेशन तिघांचं वेगळं, जनुकातले बदलही वेगळे. पित्ताशयाचा कॅन्सर अजून वेगळा, पण केमोच्या अभ्यासांमध्ये हे सगळे मिळून "बिलियरी ट्रॅक्ट कॅन्सर" म्हणून एकत्र घेतात. आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला असेल तर तो आतड्याचाच कॅन्सर, त्याला एचसीसीचा एकही पेपर लागू होत नाही. ही गल्लत मी इतक्या वेळा बघितली आहे की पहिलं काम हेच सांगतो.

आता निदानाचं. बऱ्याच जणांना पडतो तो प्रश्न म्हणजे बायोप्सी न करताच डॉक्टर कॅन्सर आहे असं कसं म्हणतात? एचसीसीत ते चालतं, त्याला कारण आहे. निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून लिव्हरकडे येणारी शीर) येतं पण एचसीसीची गाठ रक्त घेते ते मुख्यतः धमनीतून. त्यामुळे ट्रिपल फेज सीटी किंवा एमआरआयमध्ये डाय टोचल्यावर पहिल्या काही सेकंदांत गाठ आजूबाजूपेक्षा जास्त चमकते आणि नंतरच्या फेजमध्ये आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा फिकी पडते, याला वॉशआऊट म्हणतात. हे दोन्ही दिसलं आणि आकार वगैरे अटी बसल्या की रिपोर्टवर एलआय-रॅड्स ५ येतं, म्हणजे जवळजवळ नक्की एचसीसी. पण हा नियम फक्त सिरोसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठी आहे हो, तसं काही नसेल तर त्याच चित्रावर बायोप्सीशिवाय शिक्का मारता येत नाही. एएफपी हा रक्तातला मार्कर नॉर्मल आहे म्हणून कॅन्सर नाही असंही धरायचं नाही, बऱ्याच एचसीसीत तो वाढतच नाही.

रक्ताच्या नवीन टेस्टची बातमी आली की दोन ओळी शोधा. टेस्ट कुणाकुणात फरक करायला लावली होती? पुढे गेलेला कॅन्सर असलेले पेशंट एका बाजूला आणि ठणठणीत माणसं दुसऱ्या बाजूला ठेवली तर जवळपास कुठलीही टेस्ट हुशार दिसते. खरी परीक्षा असते सिरोसिस असलेल्या लोकांमध्ये लहानशी, सुरुवातीची गाठ ओळखण्याची, कारण दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी मुख्यतः त्यांचं करायचं असतं. तेव्हा "अर्ली स्टेज सेन्सिटिव्हिटी", म्हणजे सुरुवातीच्या गाठींपैकी किती टेस्टने पकडल्या, हा आकडा बघा, तो दिलेलाच नसेल तर ती बातमी अजून तुमच्या कामाची झालेली नाही.

पित्तनलिकेचं निदान जास्त किचकट आणि इथे घरच्यांनी थोडी माहिती ठेवली तर खरंच फायदा होतो. सीए १९-९ हा रक्तातला मार्कर वाढलाय म्हणून लगेच हातपाय गाळू नका, नळी ब्लॉक असताना, कावीळ किंवा इन्फेक्शन असताना तो कॅन्सर नसतानाही बराच वर जातो, म्हणून पित्ताला वाट करून दिल्यावर तो परत तपासायचा. उलट काही लोकांच्या रक्तगटाच्या ठेवणीमुळे शरीरात हा मार्कर बनतच नाही, त्यांच्यात नॉर्मल आकड्याला काही अर्थ नाही. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं) करताना ब्रशने घेतलेल्या पेशी निगेटिव्ह आल्या तरी कॅन्सर नाही असं ठरत नाही, कारण ही गाठ कडक आणि तंतुमय असते, ब्रशला पेशी कमीच लागतात. दुसऱ्या बाजूने आयजीजी४ नावाचा एक आजार हुबेहूब या कॅन्सरसारखा दिसतो आणि तो स्टेरॉइडने बरा होतो, म्हणून डॉक्टरांना विचारा की तो बाजूला काढला का. आणि तब्येत थांबू देत असेल तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) आणि नीट सीटी हे स्टेंट (ब्लॉक उघडा ठेवणारी बारीक नळी) टाकायच्या आधी व्हायला हवं, स्टेंट आत गेल्यावर नळीची सूज आणि गाठ वेगळी ओळखणं अवघड होऊन बसतं.

उपचारांच्या पेपरकडे वळायच्या आधी लिव्हर किती चालतंय ते काढा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि नेमकं हेच कुणी बघत नाही. चाईल्ड-प्यू स्कोअर घरी बसून काढता येतो, पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ मार्क. समजा बिलिरुबिन (काविळीचा आकडा) २.४ आहे, २ ते ३ च्या मधे म्हणून २ मार्क. अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) ३.१, म्हणजे २.८ ते ३.५ च्या मधे, परत २. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.३, म्हणजे १.७ च्या खाली, १ मार्क. पोटात थोडंसं पाणी, २. डोकं साफ आहे, झोपेत किंवा बोलण्यात गडबड नाही, १. बेरीज ८. आता ५-६ म्हणजे ए, ७ ते ९ बी, १० पासून पुढे सी, तर हा पेशंट बी झाला. (नळी ब्लॉक असल्यामुळे बिलिरुबिन वाढलं असेल तर हा हिशोब फसवा ठरतो, तो सिरोसिसवाल्यांसाठी आहे.)

आता एचसीसीचा गाजलेला अभ्यास घ्या, आयएमब्रेव्ह१५०. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही दोन औषधं एकत्र दिल्यावर मीडियन आयुष्य १९.२ महिने, जुन्या सोराफेनिबवर १३.४. २०२० मध्ये पहिले निकाल आले आणि उपचाराची सगळी दिशा बदलली, याबद्दल वाद नाही. पण त्यात घेतलेले पेशंट चाईल्ड-प्यू ए होते, हिंडतेफिरते होते, आणि आधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघून गरज असेल तिथे उपचार केलेले होते कारण बेव्हासिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो. वरच्या ८ मार्कवाल्या पेशंटला १९.२ हा आकडा सांगता येत नाही. त्याचा अर्थ उपचारच नाही असाही नाही, पण डॉक्टर आधी पोटातलं पाणी आणि अल्ब्युमिन सुधारायच्या मागे का लागलेत ते तुम्हाला कळतं, आणि "कॅन्सरचं औषध का सुरू करत नाही" म्हणून त्यांच्याशी भांडण होत नाही.

मीडियन म्हणजे काय ते पण नीट समजून घ्या, या एका शब्दाने किती घरं खचताना बघितलीत. मीडियन १२ महिने म्हणजे १२ महिन्यांनी सगळं संपतं असं नाही, निम्मे लोक त्याच्या पुढे गेले एवढंच. पित्तनलिकेच्या कॅन्सरमधला टोपाझ-१ अभ्यास बघा, जेमसिटाबिन-सिसप्लॅटिनच्या केमोला ड्युरव्हॅल्युमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध लावणारं, औषध जोडलं. मीडियन १२.८ विरुद्ध ११.५ महिने, वाचून वाटतं एवढ्या खटाटोपाने महिना-सव्वा महिनाच? पण पेपरमधला ग्राफ काढा, तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारा. पहिले काही महिने दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवरच चालतात, मग हळूहळू फाकतात, आणि २ वर्षांच्या खुणेवर बोट ठेवलंत तर नव्या गटात सुमारे २५ टक्के लोक हयात आहेत आणि जुन्यात सुमारे १० टक्के. म्हणजे फायदा सगळ्यांना थोडाथोडा झालेला नाही, काही जणांना बराच झालाय. इम्युनोथेरपीच्या पेपरमध्ये म्हणूनच मीडियनवर थांबायचं नाही, रेषेची शेपटी बघायची.

पेपरमध्ये काय मोजलंय हेही बघा, आयुष्य वाढलं, गाठ वाढायची थांबली, की स्कॅनवर लहान झाली, तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आणि पहिल्या निकालावर लगेच उडी मारू नका. एचसीसीचं ऑपरेशन किंवा अब्लेशन (सुई घालून गाठ जाळणं) झाल्यावर गाठ परत येऊ नये म्हणून तीच अटेझो-बेव्ह जोडी द्यायचा आयएमब्रेव्ह०५० अभ्यास २०२३ मध्ये आला तेव्हा निकाल चांगला होता, २०२४ मध्ये जास्त काळ बघितल्यावर तो फायदा टिकला नाही. मथळे मात्र अजून २०२३ चेच फिरतायत. म्हणून अभ्यासाचं नाव टाकून "अपडेटेड" असं परत एकदा सर्च करायचंच.

पित्तनलिकेचा कॅन्सर असेल तर अजून एक काम तातडीने करा, गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी, म्हणजे एनजीएस, पाठवली का ते विचारा. लिव्हरच्या आतल्या कोलॅन्जिओकार्सिनोमामध्ये साधारण दहा-पंधरा टक्के लोकांत एफजीएफआर२ फ्यूजन (हे जनुक तुटून दुसऱ्या जनुकाला जोडलं जाणं) मिळतं आणि त्यावर गोळी आहे. अशाच एका गोळीच्या, पेमिगाटिनिबच्या अभ्यासात आधी उपचार घेतलेल्या अशा १०७ जणांपैकी सुमारे ३५ टक्क्यांची गाठ ठरलेल्या मापाने लहान झाली. हा अभ्यास एकाच गटाचा होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, ते लक्षात ठेवा, पण केमोनंतरच्या पेशंटसाठी हा आकडा छोटा नाही. आयडीएच१, हर२, बीआरएएफ, एमएसआय हे बदलही याच तपासणीत बघायचे असतात. रिपोर्ट हातात आला की "बदल आढळला नाही" आणि "नमुना अपुरा, तपासणी होऊ शकली नाही" यातला फरक वाचा, दुसरं लिहिलेलं असताना लोक ते निगेटिव्ह समजून फाईलला लावतात. फ्यूजन रक्तातल्या तपासणीत निसटू शकतं, म्हणून रक्ताचा रिपोर्ट कोरा आला तर तुकडा उरलाय का, आरएनएवर तपासता येईल का, हे विचारायला लाजू नका.

उंदरांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या बातम्या सध्या सोडून द्या.

ट्रायल शोधायची असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह वर आजाराचं पूर्ण नाव टाका, "रिक्रूटिंग" निवडा आणि पानावर खाली प्रवेशाच्या अटी असतात त्या आधी वाचा : चाईल्ड-प्यू, बिलिरुबिनची मर्यादा, आधीचे उपचार किती चालतील. पहिली फेज असेल तर तिथे मुख्यतः डोस आणि सुरक्षितता बघतात, तिसरीत चालू उपचाराशी तुलना होते. आणि विचारायचं असेल तर पहिला उपचार सुरू व्हायच्या आधीच विचारा, कारण बऱ्याच ट्रायलना अजून काहीच न घेतलेले पेशंट हवे असतात, केमोची पहिली बाटली लागली की ते दार बंद होतं. पण काविळीने पेशंट पिवळा पडलाय किंवा ताप-थंडी वाजतेय तर ट्रायलसाठी थांबायचं नाही, आधी पित्ताला वाट करून द्यायची, बिलिरुबिन खाली आल्यावर अटींमध्ये बसायची शक्यताही वाढते.