स्नायू वाढवण्यासाठी रोज किती प्रथिने? हिशेबातल्या या चुका टाळा

व्यायामशाळेत नव्याने जाऊ लागलेल्या तरुणाला महिनाभरात दोन टोकांचे सल्ले मिळतात. तिथले अनुभवी लोक 'वजनाच्या दुप्पट प्रोटीन घेतल्याशिवाय अंग भरत नाही' असे ठामपणे सांगतात, तर घरी 'वरण-भात, भाजी-पोळी नीट खा, त्यात सगळे आले' असे समजावले जाते. दोन्ही सल्ले आपुलकीने दिलेले असतात आणि दोन्ही अर्धवट असतात. माझ्या मते खरा घोटाळा मोजमापात आहे. किती ग्रॅम हवेत यावर तासन्‌तास वाद होतात, पण आपल्या ताटात रोज किती ग्रॅम येतात हे फार थोडे लोक एकदा तरी मोजून पाहतात.

एकच आकडा सर्वांना लावणे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. हा आकडा शरीराची रोजची झीज भरून काढण्यासाठी आहे. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याला तो अपुरा पडतो. अशा लोकांवर झालेल्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढवण्याचा फायदा स्नायूंमध्ये दिसतो आणि त्यापुढे सरासरीने फारसा फरक पडत नाही. व्यक्तीव्यक्तीत फरक असतो हे गृहीत धरून काही तज्ज्ञ २ ग्रॅमपर्यंतची मुभा देतात. आहार कमी करून चरबी उतरवताना स्नायू टिकवायचे असतील, तर त्या वरच्या टोकाकडे राहणे योग्य ठरते.

'वजनाच्या दुप्पट' या समजुतीचे मूळ बहुधा अमेरिकी सल्ल्यात आहे. तिथे एका पौंडामागे एक ग्रॅम असा सोपा नियम रूढ आहे आणि किलोमध्ये रूपांतर केल्यावर तो २.२ ग्रॅम होतो. निरोगी माणसाला तो अपायकारक ठरतो असे नाही, पण ज्याच्या घरचा महिन्याचा किराणा हिशेबाने येतो त्याच्यावर हे ओझे विनाकारण पडते.

याच हिशेबात आणखी एक चूक होते. ज्याचे वजन उंचीच्या मानाने बरेच जास्त आहे, त्याने पूर्ण वजनाला १.६ ने गुणू नये, कारण चरबीच्या साठ्याला इतकी प्रथिने लागत नाहीत. १७० सेंटिमीटर उंचीच्या आणि १०० किलो वजनाच्या माणसाने ७० किलो धरून हिशेब केला तर ११२ ग्रॅम येतात आणि व्यवहारात तेवढे पुरतात. याच्या उलट, साठी ओलांडलेल्यांचे स्नायू प्रथिनांना तरुणांइतका चटकन प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे त्यांना व्यायाम नसतानाही दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घेण्याचा सल्ला दिला जातो. घरातल्या आजी-आजोबांच्या ताटातून दात आणि भूक यांच्या निमित्ताने नेमकी डाळ-उसळच कमी होते, ही गोष्ट मला तरुणांच्या दंडांपेक्षा जास्त काळजीची वाटते.

'मी डाळ खातो' एवढ्यावर समाधान मानणे

इथे थोडे थांबून आकडेमोड करू. साठ किलो वजनाच्या शाकाहारी तरुणाला १.६ च्या हिशेबाने दिवसाला ९६ ग्रॅम प्रथिने हवीत. त्याचा नेहमीचा दिवस पाहू. सकाळच्या बशीभर पोह्यांत, शेंगदाणे धरून, सुमारे ६ ग्रॅम मिळतात. दुपारी ९० ग्रॅम कणकेच्या तीन पोळ्या, ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण, थोडा भात आणि भाजी यांचे मिळून २२ ग्रॅम होतात. संध्याकाळच्या चहा-बिस्किटांतून फार तर ३ ग्रॅम येतात. रात्री १२० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ३० ग्रॅम मटकीची उसळ आणि वाटीभर दही यांतून २१ ग्रॅम मिळतात. एकूण बेरीज ५२ होते. म्हणजे घरचे म्हणतात तसे साध्या जगण्यापुरते यात खरोखरच 'सगळे' आहे, कारण ०.८३ च्या हिशेबाने त्याला ५० ग्रॅमच लागतात. स्नायू वाढवण्यासाठी मात्र ४४ ग्रॅम कमी पडतात.

ही तूट भरून काढण्यासाठी प्रोटीन पावडरीचा डबा विकत आणावाच लागतो असे नाही. दोन्ही जेवणांत डाळ आणि कडधान्य ३० ऐवजी ५० ग्रॅम घेतले तर ९ ग्रॅमची भर पडते. चाळीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून सुमारे २० ग्रॅम, ३०० मिलिलिटर दुधातून १० ग्रॅम आणि मूठभर फुटाण्यांतून ६ ग्रॅम मिळतात. अंडी चालत असतील तर चार अंड्यांतून २४ ग्रॅम होतात आणि शंभर ग्रॅम कच्च्या, हाडाविना चिकनमध्ये वीसहून थोडे अधिक ग्रॅम असतात.

मोजताना एक पथ्य पाळावे. डाळ, कडधान्ये आणि सोयाबीन वड्या नेहमी कोरड्या असताना तोलाव्यात. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिने असतात हे खरे आहे, पण शंभर ग्रॅम शिजलेल्या वरणाचा बहुतांश भाग पाणी असते. मोड आलेल्या मटकीचेही तेच आहे. मोड आल्याने ती पचायला हलकी होते, परंतु फुगलेल्या वाटीभर मटकीला कोरड्या मटकीचा आकडा लावला की कागदावरची बेरीज दुप्पट-तिप्पट होते. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा आठवडाभर वापरला तरी नजर तयार होते. पुढे रोज तोलण्याची गरज उरत नाही.

प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत मेथिओनिन हे दुसरे कमी असते, म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. त्यामुळे दोन्ही एकत्र खाण्याची आपली पद्धत उत्तम आहे. फक्त भाताच्या ढिगावर पळीभर पातळ वरण हे प्रमाण सुधारायला हवे.

खुराकाची अर्धीच नक्कल करणे

कोल्हापूरच्या तालमींतल्या पैलवानांचा खुराक अनेकांना आदर्श वाटतो. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध पिण्याची आणि तालमीत बदामाची थंडाई घोटण्याची परंपरा आदर बाळगावा अशीच आहे. पण तो खुराक पहाटे आणि संध्याकाळी जोर, बैठका आणि लढती करणाऱ्या देहासाठी ठरलेला आहे. म्हशीच्या एक लिटर दुधात ३६-३७ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यासोबत हजाराच्या आसपास कॅलरी येतात. वीस बदामांतून जेमतेम चार-पाच ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यांचे बाकीचे बळ स्निग्धांशाचे असते. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर व्यायाम करणाऱ्याने हा खुराक जसाच्या तसा उचलला, तर छातीच्या आधी पोट वाढते. पीनट बटर, काजू आणि चीज यांच्या बाबतीतही हीच फसगत होते. ते 'प्रोटीनचे पदार्थ' म्हणून खाल्ले जातात, प्रत्यक्षात त्यांतली बहुतेक ऊर्जा चरबीतून येते.

उपवास आणि रिकामी सकाळ

साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार पाळणाऱ्याने खिचडीवर दिवस काढला, तर त्या दिवसाची प्रथिने निम्म्याहून कमी होतात. उपवास अवश्य करावा, पण त्या दिवशी राजगिरा, दूध, दही, पनीर आणि दाण्याची आमटी यांना ताटात मोठी जागा द्यावी.

रोजच्या दिवसातही सकाळ रिकामी राहते आणि सगळा भार रात्रीवर येतो. एका वेळी दर किलोमागे ०.२५ ते ०.४ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १५ ते २४ ग्रॅम, असे तीन-चार वेळांत विभागून घेणे सोयीचे आणि उपयुक्त असते. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत ही धास्ती मात्र सोडून द्यावी. व्यायामाने जागा झालेला स्नायू पुढचा दिवसभर प्रथिने वापरत असतो. दिवसाची बेरीज पूर्ण होत असेल, तर घरी जाऊन निवांत जेवले तरी काही बिघडत नाही.

पावडरीला अन्नाच्या जागी बसवणे

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळण्याचा सल्ला दिला आहे. मी इतक्या टोकाला जाणार नाही. वसतिगृहाच्या मेसमध्ये जेवणाऱ्याला किंवा पाळीची नोकरी करणाऱ्याला पावडरीचा एखादा चमचा सोयीचा ठरू शकतो, पण तो तूट भरण्यापुरताच असावा. तीस ग्रॅमचा चमचा म्हणजे तीस ग्रॅम प्रथिने नव्हेत. चांगल्या व्हे (दुधाच्या निवळीपासून बनवलेल्या) पावडरीत त्यातून २० ते २५ ग्रॅम मिळतात आणि 'मास गेनर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक डब्यांत मुख्य भाग साखर आणि पिष्टाचा असतो. प्रथिनांची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजून केली जाते. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन यांसारखी स्वस्त द्रव्ये मिसळून आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ही नावे वेगळी दिसली, तर डबा परत ठेवावा. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांकही पाहावा.

बेरीज पूर्ण होऊनही फरक दिसत नसेल तर

आधी वजन पाहावे. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून आठवड्याची सरासरी काढावी. साठ किलोच्या माणसासाठी आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम वाढ पुरेशी आहे. दोन-तीन आठवडे सरासरी हलली नाही, तर कमतरता बहुधा प्रथिनांची नसून एकूण अन्नाची असते, कारण ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनेही जाळू लागते. अशा वेळी रोज एक भाकरी आणि थोडे शेंगदाणे वाढवावेत. वजन वाढते पण ताकद वाढत नाही, अशी स्थिती असेल तर व्यायामाची वही तपासावी. महिनोन्‌महिने तेच वजन, तितक्याच वेळा उचलत राहिल्यास स्नायूला वाढण्याचे कारणच मिळत नाही. झोप सात तासांहून कमी असेल, तर ती आधी सुधारावी.

पोट फुगत असेल तर कडधान्ये एकदम न वाढवता दर आठवड्याला थोडी वाढवावीत, रात्रभर भिजवून ते पाणी टाकावे आणि नीट शिजवावीत. दुधाने किंवा साध्या व्हेने त्रास होणाऱ्यांना दही बहुधा सोसते. बद्धकोष्ठ झाले असेल तर भाजी, फळे आणि पाणी मागे पडले आहे का, हे पाहावे.

राहिला मूत्रपिंडांचा प्रश्न. निरोगी मूत्रपिंडांना दर किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिनांच्या आहाराने इजा होते, असे आतापर्यंतच्या संशोधनातून दिसलेले नाही. परंतु मूत्रपिंडाचा विकार आधीच असलेल्यांना प्रथिने मोजूनमापून, अनेकदा ०.८ ग्रॅम किंवा त्याहून कमी, घ्यावी लागतात आणि मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्या अनेकांना हा विकार जडल्याचे ठाऊकही नसते. म्हणून अशा व्यक्तींनी आहार वाढवण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून डॉक्टरांशी बोलावे. तपासणीला जाताना आपण वजने उचलतो, मांसाहार किती करतो आणि क्रिएटिन हे ताकदीसाठीचे सप्लिमेंट घेतो का हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या तिन्ही गोष्टींनी मूत्रपिंडे ठणठणीत असतानाही क्रिएटिनिन वाढलेले दिसू शकते आणि तशी शंका आल्यास सिस्टॅटिन-सी या रक्तचाचणीने खात्री करून घेता येते.