इव्हन-स्किप्डनं मला दोन वर्षं फसवलं

झूलॉजीतून एमएस्सी करून नेट परीक्षेच्या तयारीला लागलेल्या, किंवा फळमाशीच्या लॅबमध्ये प्रोजेक्ट मिळालेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. फळमाशीच्या भ्रूणाचे खंड, म्हणजे सेगमेंट, पाडणाऱ्या जनुकांची उतरंड तुम्हाला पाठ असणारच: आईकडून आलेला बायकॉइड, मग गॅप, पेअर-रूल, सेगमेंट पोलॅरिटी. इव्हन-स्किप्ड हे त्यातलंच एक पेअर-रूल जनुक. मलाही होती. तरी पहिल्या दोन प्रयत्नांत पेपरच्या पार्ट सीमधले ह्याच धड्यावरचे प्रश्न माझे चुकले. चार मार्क हुकले ते हुकलेच, वर निगेटिव्हमध्ये एकेक गेला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर परत आलो आणि तीन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

चूक साधी होती. मी जनुकाच्या नावावरून त्याचं काम ओळखत होतो.

फळमाशीतल्या बऱ्याच जनुकांची नावं ते जनुक बिघडल्यावर काय झालं त्यावरून पडलीत. विंगलेस पंख काढून टाकत नाही, ते बिघडलं तर माशी बिनपंखाची होते. क्रुप्पेल म्हणजे जर्मनमध्ये अपंग, फुशी ताराझू म्हणजे जपानीत 'खंड पुरेसे नाहीत'. इथपर्यंत कुणीही सांगेल. खरा खड्डा पुढे आहे.

इव्हन-स्किप्ड, म्हणजे ईव्ह. नावात सम. मी बिनधास्त लिहून आलो की हे जनुक सम पॅरासेगमेंटमध्ये (ते काय, पुढे उसावरून सांगतो) चालू असतं. चूक. भ्रूणात ईव्ह सात पट्ट्यांत चालू असतं आणि ते पट्टे विषम पॅरासेगमेंटमध्ये पडतात. सममध्ये असतं ते फुशी ताराझू. मग नाव इव्हन का? हे मला कुठल्याच नोट्सनी सांगितलं नाही. कळलं ते गावाकडं, कागल तालुक्यात, आबा बेणं तोडत होते तेव्हा.

ऊस डोळ्यासमोर आणा. गाठीपासून गाठीपर्यंत एक कांडं. हा झाला सेगमेंट, अळीच्या अंगावर दिसतो तो. पण आबा लावणीसाठी टिपरी तोडतात ती गाठीवर तोडत नाहीत, कांड्याच्या मधोमध तोडतात, म्हणजे गाठीवरचा डोळा शाबूत राहतो. एक डोळ्याच्या टिपरीत आधीच्या कांड्याचा अर्धा तुकडा आणि नंतरच्या कांड्याचा अर्धा तुकडा येतो. हा झाला पॅरासेगमेंट. ऊस तोच, मोजणी दोन. भ्रूणातली जनुकं टिपऱ्या मोजतात आणि आपण कांडी मोजतो. (फरक एवढाच की भ्रूणातली टिपरी अगदी अर्धी-अर्धी नसते, आधीच्या सेगमेंटचा तिच्यात थोडाच भाग येतो.)

आता सातवा पॅरासेगमेंट घ्या, विषम. त्यात पोटाच्या पहिल्या सेगमेंटचा मागचा भाग आणि दुसऱ्या सेगमेंटचा पुढचा भाग येतो. अळीच्या पोटाखाली बारीक काट्यांचे पट्टे असतात, ते मुख्यतः सेगमेंटच्या पुढच्या भागात. म्हणून ईव्ह कमजोर झालं की सातव्या पॅरासेगमेंटबरोबर दुसऱ्या सेगमेंटचा काट्यांचा पट्टा जातो. तसाच चौथा, सहावा, आठवा. दिसायला सम गेले, म्हणून नाव इव्हन-स्किप्ड. कागदावर आडवा ऊस काढा, वर कांड्यांचे आकडे, खाली टिपऱ्यांचे. दहा वेळा काढा. व्हिडिओ बघून हे डोक्यात बसत नाही, निदान माझ्या तरी बसलं नाही.

आणि एवढ्यावर थांबू नका, कारण मी थांबलो होतो. ते 'सम गायब' चित्र कमजोर म्यूटंटचं, म्हणजे ईव्ह अर्धवट बिघडलेल्या अळीचं आहे. ईव्ह पूर्ण बंद पडलं तर सम-विषम काही उरत नाही, सेगमेंटेशनच होत नाही. प्रश्नात 'नल' (म्हणजे जनुक पूर्ण बंद) शब्द दिसला की पेन खाली ठेवा आणि आधी तो दोनदा वाचा.

आद्याक्षरं जुळवून केलेली गमतीशीर वाक्यं विकणाऱ्या क्लासवाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे. क्रम पाठ होतो, पण क्रम कोण विचारतंय? आणि गाईड निवडताना मोठं नाव बघू नका. माझ्या पहिल्या गाईडनी सहा महिन्यांत दोनदा तोंड दाखवलं. शिकलो ते एका सीनियर ताईकडून. तिनं पहिल्या दिवशी अळीची कातडी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि म्हणाली, "पट्टे मोज." मी नऊ मोजले. "परत मोज." छातीचे तीन, पोटाचे आठ, एकूण अकरा. छातीचे पट्टे इतके बारीक की मला त्यातला एकच दिसला होता. १९८० साली नुसलाइन-फोलहार्ड आणि विशाउस या शास्त्रज्ञांनी जे म्यूटंट प्रसिद्ध केले ते असेच पट्टे बघून ओळखले होते. १९९५ चं नोबेल त्यातून आलं. म्हणून मोजणीला हलकं समजू नका.

लॅबचं स्पष्ट सांगतो, माश्यांना गणपती-दिवाळी कळत नाही. स्टॉक (पाळलेल्या माश्यांच्या बाटल्या) बदलायला रविवारीही यावं लागतं. मे महिन्यात लाईट जाऊन इनक्युबेटर बंद पडला आणि पारा तिशीच्या वर राहिला तर नर वांझ होतात, आणि तुम्ही आठवडाभर अंड्यांची वाट बघत बसता. मी बसलोय.

पण घाबरू नका. ईव्हचा दुसरा पट्टा कुठं पडायचा ते ठरवणारा डीएनएचा तुकडा, म्हणजे त्याचा स्विच, बघून मी आधी पुस्तकच मिटलं होतं. त्यात आहे एवढंच: बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं ईव्ह चालू करतात, पुढून जायंट अडवतो, मागून क्रुप्पेल. मधल्या फटीत पट्टा. मराठी माध्यमातून आलेल्या मला जमलं, तुम्हालाही जमेल. वेळ लागतो, लई लागतो.

एक राहिलंच. हे सगळं 'कीटकांत असं होतं' म्हणून लिहू नका, 'फळमाशीत' लिहा. पिठात होणारा तांबडा किडा, ट्रायबोलियम, त्याच्यात बायकॉइड नाहीच. तिथं पुढचे थोडे सेगमेंट आधी होतात आणि उरलेले मागच्या टोकाकडून एकामागून एक वाढत जातात, घड्याळाच्या ठोक्यांसारखे. आई पीठ चाळताना ते किडे फेकून द्यायची. हल्ली मी गावी गेलो की ती चाळण माझ्यासमोर धरते आणि विचारते, "ह्यातला कुठला पाहिजे?"