७/८ मध्ये सम निसटायची, त्यावरचा उपाय

७/८ मध्ये, म्हणजे सात मात्रांच्या ठेक्यात धून बांधली, पण दर तीन-चार आवर्तनांनी (सात मात्रांच्या फेऱ्यांनी) माझी सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, चुकायची. आधी सगळा दोष मेट्रोनोमला (ठरावीक गतीने टोले देणाऱ्या यंत्राला) दिला! खरी गडबड मोजण्यात होती. एक ते सात सरळ मोजत गेलो की हात सवयीने आठवी मात्रा भरून टाकायचा.

मग आकडेच सोडले. रूपक तालासारखे ३+२+२ गट पाडले आणि तोंडाने 'तकिट तक तक' म्हणत राहिलो, टाळी फक्त गटाच्या पहिल्या अक्षरावर. मेट्रोनोमही मिनिटाला २१० टोल्यांवरून ३० वर आणला, म्हणजे आवर्तनाला एकच टोला. दोन दिवस जड गेलं, मग बसलं.

गंमत म्हणजे गिटारची ओळ २+२+३ मध्ये सुचली होती, हे तेव्हा कळलं. ती पुन्हा लिहिली.