लँगफ्लोमधला पहिला फ्लो: जोडत जा, पण मधे मधे उघडून बघा

चौकटी ओढून कॅनव्हासवर टाकायच्या, एकीची तार दुसरीला लावायची, की एआयवर चालणारं ॲप तयार. लँगफ्लो या साधनाबद्दल एवढंच सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. जोडलेल्या चौकटींच्या या चित्रालाच फ्लो म्हणतात. पहिलं ॲप खरंच चुटकीसरशी उभं राहतं. खरी मजा येते ते ॲप भलतंच उत्तर देतं तेव्हा. चित्र चकाचक, तारा जागच्या जागी, लाल खूण कुठेही नाही, आणि उत्तर मात्र साफ चुकीचं.

माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. कोड लिहिते, पण कामापुरता. मला हे साधन आवडतं ते मधल्या कुठल्याही चौकटीपाशी थांबून इथून पुढे नेमकं काय गेलं हे बघता येतं म्हणून. ही सवय सुरुवातीलाच लावून घ्या, बाकीचं हळूहळू जमतं.

आधी इन्स्टॉलेशन उरकू. विंडोज किंवा मॅक असेल तर लँगफ्लो डेस्कटॉप घ्या, टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीच्या, भानगडीत पडायची गरज नाही. लिनक्सवर पायथन ३.१० किंवा त्यापुढचं लागतं. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनसाठी स्वतंत्र कप्पा) करून त्यात पिप किंवा यूव्ही या इन्स्टॉलरने लँगफ्लो टाका आणि 'लँगफ्लो रन' ही कमांड द्या. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या, म्हणजे तुमच्याच मशीनच्या, ७८६० पोर्टवर ते उघडतं. फ्लोवाइज आणि डिफाय ही याच जातीची साधनं आहेत. त्यांपैकी एखादं आधीच वापरत असाल तर नुसत्या या लेखासाठी बदलू नका, पुढचं बरंचसं तिथेही लागू पडतं.

न्यू फ्लोमध्ये तयार टेम्प्लेट दिसतील. एजंटची टेम्प्लेट आकर्षक दिसतात, त्यांच्याकडे तूर्त काणाडोळा करा आणि 'बेसिक प्रॉम्प्टिंग' उघडा. त्यात चारच कम्पोनंट, म्हणजे चौकटी, आहेत: चॅट इनपुट (प्रश्न), प्रॉम्प्ट (मॉडेलला द्यायच्या सूचना), लँग्वेज मॉडेल (उत्तर लिहिणारं एआय), चॅट आउटपुट (उत्तर). चॅट इनपुटची तार मॉडेलच्या इनपुटला जाते, प्रॉम्प्टची सिस्टिम मेसेजला (मॉडेलने कसं वागायचं हे सांगणारी जागा), आणि मॉडेलचं उत्तर चॅट आउटपुटला. कडेच्या ठिपक्यांचे रंग डेटाचा प्रकार सांगतात, न जुळणारे ठिपके जोडू म्हटलं तरी जोडले जात नाहीत. मी तर सांगेन, हे टेम्प्लेट एकदा बघून बंद करा आणि रिकाम्या कॅनव्हासवर तेच चार कम्पोनंट स्वतः आणून जोडा. हात बसतो.

मॉडेलसाठी एपीआय की, म्हणजे मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीकडून मिळणारी गुप्त किल्ली, लागेल. ती थेट चौकटीत चिकटवू नका. सेटिंग्जमधल्या ग्लोबल व्हेरिएबल्समध्ये ठेवा आणि तिथून निवडा. पैसे खर्च करायचे नसतील तर स्वतःच्या मशीनवर ओलामा (मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारा प्रोग्रॅम) चालवा, त्याचा पोर्ट ११४३४. इथे अनेक जण अडकतात: लँगफ्लो डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यात, चालत असेल तर 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर, तुमचं मशीन नव्हे. डॉकर डेस्कटॉप असेल तर पत्त्यात 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' टाका.

आता चार कम्पोनंटमध्ये पाचवा आणू. समजा, कर्मचाऱ्यांच्या रजेच्या नियमांची पीडीएफ आहे आणि तिच्यावरून उत्तरं द्यायची आहेत. प्रॉम्प्टमध्ये असं लिहा: 'फक्त खालच्या नियमांवरून उत्तर दे. नियमांत उत्तर नसेल तर "नियमांत सापडलं नाही" एवढंच लिही.' त्याखाली महिरपी कंसात 'रूल्स' हे नाव टाका. टाकल्या टाकल्या प्रॉम्प्टच्या चौकटीवर त्या नावाचा नवा ठिपका उगवतो. व्हेरिएबलचं नाव रोमन लिपीतच ठेवा, देवनागरीचे प्रयोग तिथे नकोत. फाइल वाचणारा कम्पोनंट आणा, पीडीएफ चढवा, त्याचं 'रॉ कंटेंट' हे आउटपुट या ठिपक्याला जोडा.

प्लेग्राउंड, म्हणजे ॲपशी गप्पा मारून बघायची खिडकी, उघडायचा मोह होईल. जरा थांबा. फाइलच्या चौकटीवरचं छोटं प्लेचं बटण दाबा. तेवढा भाग चालतो. मग आउटपुट तपासायच्या चिन्हावर क्लिक करून बाहेर काय आलं ते वाचा, अगदी ओळ न् ओळ. पीडीएफ स्कॅन केलेली असेल तर हाती काहीच लागत नाही, तिला आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) करावं लागतं. मराठी पीडीएफची तऱ्हा निराळी. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर पडद्यावर शुद्ध मराठी दिसते आणि आत मात्र रोमन अक्षरांचा काला असतो. मॉडेलला तो कालाच मिळतो. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायची, दुसरा इलाज नाही.

तक्त्यांकडे खास लक्ष द्या. रजेचा प्रकार, वर्षाला किती, पुढच्या वर्षी किती नेता येते असा तीन रकान्यांचा तक्ता पीडीएफमधून असा बाहेर पडू शकतो: 'किरकोळ अर्जित वैद्यकीय ८ १५ १० नाही ३० नाही'. माणसाला तक्ता आठवतो म्हणून कळतं. मॉडेल अंदाज बांधतं, आणि तेही ठामपणे. हा तक्ता हाताने वाक्यांत लिहून टाका: 'अर्जित रजा वर्षाला १५ दिवस, न वापरलेली रजा ३० दिवसांपर्यंत साठवता येते.' दहा मिनिटांचं काम आहे, पण प्रॉम्प्टमध्ये दहा धमक्या लिहूनही जे साधत नाही ते याने साधतं.

हे झालं की प्रॉम्प्टच्या चौकटीचंही आउटपुट बघा, नियम योग्य जागी बसलेत ना? मगच प्लेग्राउंड. टेंपरेचर (उत्तरात किती वैविध्य येऊ द्यायचं तो आकडा) शून्याजवळ ठेवा आणि ज्यांची उत्तरं तुम्हाला पाठ आहेत असे प्रश्न विचारा. शिवाय ज्याचं उत्तर नियमांत नाहीच असा एखादा प्रश्न हवाच. 'सापडलं नाही' म्हणायला शिकलेला बॉट माझ्या लेखी अर्धा पास.

कागद पाच-दहा पानांचा असेल तर इथेच थांबलं तरी चालतं. व्हेक्टर स्टोअर, म्हणजे अर्थाने जुळणारा मजकूर शोधून देणारी साठवण, लावलं नाही म्हणून ॲप कच्चं ठरत नाही. दस्तऐवज शेकडो पानांचे असतील तेव्हा 'व्हेक्टर स्टोअर रॅग' टेम्प्लेटकडे वळा. त्यात दोन फ्लो आहेत: एक कागद तुकडे करून साठवतो, दुसरा प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून प्रॉम्प्टमध्ये घालतो. टेम्प्लेटमध्ये साठवणीसाठी ॲस्ट्रा डीबी असतं, शिकताना त्याजागी क्रोमा लावलं की साठवण आपल्याच मशीनवर राहते. दोन्हीकडे एम्बेडिंग मॉडेल (मजकुराचा अर्थ आकड्यांत मांडणारं) एकच हवं. एकीकडे बदललं तर साठवण पुन्हा पहिल्यापासून करायची.

तुकडे करणाऱ्या स्प्लिट टेक्स्ट या चौकटीत तुकडा १००० अक्षरांचा आणि ओव्हरलॅप (शेजारच्या तुकड्यांतला सामायिक भाग) २०० असं आधीपासून भरलेलं असतं. मोजणी युनिकोडप्रमाणे होते, वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे 'किती' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा, यंत्राला चारचा. आकड्यापेक्षा महत्त्वाचं काय, तर तुकडा कुठे तुटतो. 'अर्जित रजा साठवता येते' हे एका तुकड्यात आणि 'मात्र प्रोबेशनवर असलेल्यांना ही सवलत नाही' हे पुढच्यात गेलं, की प्रोबेशनवरच्या माणसाला बॉट आनंदाने होकार देणार. शोधून आलेले तुकडे उघडून वाचल्याशिवाय हे लक्षात येत नाही. नियम कलमवार असतील तर कलमाच्या सीमेवर तोडा.

एजंट याच्यानंतर. तिथे कुठलं साधन (टूल) कधी वापरायचं हे मॉडेल ठरवतं, म्हणजे चूक कुठे झाली ते शोधणं आणखी अवघड. एका वेळी एकच टूल जोडा आणि त्याचं वर्णन नेमकं लिहा, मॉडेल टूल निवडताना त्याचाच आधार घेतं.

फ्लो मनासारखा चालला की तो शेअरमधून एपीआय म्हणून, म्हणजे थेट वापरता येईल असा, दुसऱ्या ॲपला देता येतो. पण लँगफ्लो इंटरनेटवर उघडं ठेवू नका. १.३.० च्या आधीच्या आवृत्त्यांत लॉगिन न करताच सर्व्हरवर कोड चालवता येईल अशी त्रुटी होती आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. तेव्हा आवृत्ती ताजी ठेवा, ऑटो लॉगिन (पासवर्ड न विचारता आत घेणं) बंद करा. सहकाऱ्याला फ्लो पाठवायचा असेल तर तो जेसन फाइल म्हणून एक्स्पोर्ट होतो. तिथे एपीआय कीसह सेव्ह करायचा एक चौकोन असतो, त्यावर टिक नाही ना हे बघूनच फाइल पाठवा.